इळंगोवनचं चिकन सिक्स्टी फाइव्ह

आमच्या रायपेट्टा वस्तीतले इळंगोवन रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी बायकोचं, वडिवूचं, स्वयंपाकघर बळकावलं. जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता या माणसाने. पण एका रविवारी आम्हा शेजाऱ्यांना घरच्या चिकन सिक्स्टी फाइव्हचं आमंत्रण दिलं.

"आत्ताच धुतलेत तुकडे, निथळू द्या जरा," वडिवू म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस."

ओलेच तुकडे मसाल्यात घोळवून त्यांनी कढईत सोडले. तेल तडतड उडालं, मसाला सुटून तळाशी करपला आणि वर बोडके तुकडे तरंगले.

"तेलच भेसळीचं आहे," इळंगोवननी निकाल दिला.

वडिवूने आम्हाला रसम-भात वाढला. इळंगोवन मात्र ते तुकडे चघळत आम्हाला तासभर कृती समजावत होते.