बंद दारांवरची माणसं

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बंद दार दिसलं की त्यावर माणूस काढायचे. सांगून ऐकतील तर शपथ! हिवाळाभर झाडीपट्टीतल्या गावांत नाटकांचे पडदे रंगवायचे आणि घरी आले की माझ्या डोक्याला ताप. चुलीचा गेरू जायचा, भिंतीचा चुना जायचा, धुण्याची नीळसुद्धा उरायची नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. नवी सडक लांबून गेली, मोटार तिकडेच थांबू लागली आणि बाजारओळ ओस पडली. शिंपी ब्रह्मपुरीला गेला, कासारीण लेकीकडे. भाऊजींनी शिंप्याच्या दारावर मशीन चालवणारा शिंपी काढला, कासारणीच्या दारावर बांगड्या भरणारी कासारीण. अगदी माणसाएवढी. दिवेलागणीला परगावचे लोक त्या शिंप्याला हाका मारत, तो बोलेना म्हणून आमच्या मुरमुऱ्याच्या दुकानात येऊन माझ्यावर डाफरत.

शेवटी आमच्या ह्यांनीही ब्रह्मपुरीला जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर भाऊजी आमच्याच दारावर मला काढताहेत! पदर खोचलेला, कपाळाला आठ्या.

"अहो, आम्ही अजून गेलो नाही!"

"जाऊन तर राह्यले ना, वहिनी? मंग चेहरा ठेवून जा. गावानं कोनाकडे पाहावं?"

"आणि आठ्या कशाला?"

"त्या म्या नाई काढल्या. त्या हायेतच."

मी बादलीभर पाणी ओतून दार घासलं. ते हसत पुढच्या दाराकडे गेले.

चित्रं बघायला मात्र गाड्या जुंपून लोक येऊ लागले. एका आठवडी बाजाराला कासारीण तणतणत आली. "मले इतकी काळी काऊन केली?" म्हणून भाऊजींशी कडाकडा भांडली. बघायला बाया जमल्या. तिची पेटी काखेत होतीच. कुणीतरी हात पुढे केला आणि ती दिवस मावळेपर्यंत बांगड्या भरत बसली. पुढच्या बाजाराला तिनं दुकानच उघडलं. मग शिंपी आला, बाजारापुरता का होईना. आमचं जाणं राहूनच गेलं.

बाजार नीट भरू लागला आणि भाऊजींनी गाठोडं बांधलं. सिरोंच्याकडे एक गाव असंच ओस पडत चाललं होतं म्हणे.

"अहो, आत्ता कुठे चार घास सुखाचे खायचे दिवस आलेत!"

"इथली दारं उघडली, वहिनी. उघड्या दारावर मी काय काढू?"

ते परतले नाहीत. गोदावरीकाठीच तापानं गेल्याचं मागाहून कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडत आले ते त्यांनी घरातून टळावं म्हणून. ते निघाले त्या सकाळी गाडीचं जू धरून भांडले, ती त्यांनी जाऊ नये म्हणून. तेही त्यांनी ऐकलं नाही.