खुनाच्या दिवशीच्या बिड्या

अड्याळला सून म्हणून आले तेव्हा मला बिड्या वळता येत होत्या, पण त्या गोष्ट ऐकत वळायच्या असतात हे ठाऊक नव्हतं. दुपारी आमच्या छपरीत आळीतल्या चार-पाच बाया मांडीवर सुपं घेऊन बसत. माझी ननंद मात्र रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून बसे आणि रहस्यकथेचं पुस्तक मोठ्याने वाचे. तिच्या वाटच्या बिड्या आम्ही सगळ्यांनी मिळून वळायच्या, असा रिवाजच होता. मला आधी रागच आला. नव्या सुनेनं राबायचं आणि राणीसाहेबांनी पुस्तक वाचायचं. पण तिच्या गोष्टीत पहिला खून पडला आणि माझा राग पळाला.

काय वाचायची ती! इन्स्पेक्टर आला की आवाज जाड, म्हातारा नोकर आला की धाप लागलेली. खुनी कोण ते तिलाही माहीत नसे, कारण पुढचं पान ती आधी कधीच बघत नसे. त्यामुळे कुणा एकावर संशय जाऊ नये म्हणून बाकी सगळ्या पात्रांना ती गोडच बोलायला लावी. दाराची कडी वाजली की आमची बोटं आवळत, आणि बिड्या अशा घट्ट होत की ओढणाऱ्याचे गाल आत जावेत. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे बिड्या तपासून कारखान्यासाठी घेणारा माणूस, त्या नापास करून छाटीत टाकत म्हणे, "आज खून झाला वाटते."

सासूबाईंची मात्र एकही बिडी छाटीत जात नसे. "मी कायले आयकू असल्या भानगडी?" म्हणत त्या आमच्याकडे पाठ करून बसत.

मग ननंदेचं लग्न ठरलं. गोष्टीत सावकार मरून पडलेला, वारसदार तिघे, आणि इकडे हिला हळद लागली. जाताना तिने पुस्तक कोनाड्यात ठेवलं. "मी येईन तवाच उघडजा," म्हणाली.

माझ्याने राहवलं नाही. एका दुपारी अर्धं पान वाचलं. शेजारीण म्हणाली, "बाई, तू वाचतं त खुनी बी शाळेत धडा म्हणून रायला वाटते." मी पुस्तक मिटलं. त्यानंतर आमच्या बिड्या एकसारख्या, देखण्या होऊ लागल्या. सट्टेदार खूश. मला मात्र छपरीत बसवेना. ननंदेची इतकी आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी ती माहेरी आली. तिचे पाय धुऊन होईतो बाया सुपं घेऊन हजर. आवाज तसाच, उलट सासरी साठवून ठेवल्यासारखा. सासूबाई नेहमीप्रमाणे पाठ करून बसल्या. धाकटा वारसदार खुनी निघाला, आमच्यातल्या एकीलाही ओळखता आला नव्हता.

संध्याकाळी सट्टेदार सासूबाईंच्या बिड्या एकेक दाबून पाहू लागला. निम्म्या छाटीत गेल्या. त्याने चष्मा वर सरकवला. "काकू, तुमच्या? आज किती खून झाले जी?"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

"खून कायचा, बापू. पोरगी आली हाये माही."