नऊ नंबरच्या बससाठी छत्री

मी आयुष्यात एकदाच निवडणूक लढवली आणि ती हरलो. विषय निघाला की आमची मुलगी खोली सोडून जाते आणि बायको चहाचं आधण ठेवते. आता अर्धा तास तरी याचं तोंड बंद होणार नाही, हे दोघींना अनुभवाने ठाऊक आहे.

तर झालं असं. आमचं बिऱ्हाड बहारीनमध्ये, हिद्दला. मी बंदराजवळच्या एका गोदामात क्लार्क. सकाळी सातला शिफ्ट, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझर घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघतो. बायको मुहर्रकच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. गाडी तिला येते, पण लायसन्स नाही. टेस्ट चार वेळा दिली आणि चारही वेळा शेजारी बसलेल्या परीक्षकालाच जवळचा रस्ता कुठला ते समजावून सांगितलं. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिची शाळा बेटाच्या दुसऱ्या बाजूला. आपल्या लोकांची शाळा, केजीपासून बारावीपर्यंत. मुलं इतकी की मधली सुट्टी दोन हप्त्यांत द्यावी लागते. तिथे जायचं ते शाळेच्या नऊ नंबरच्या बसने.

डिसेंबरात नोटीस आली. नऊ नंबरवर मुलं फक्त सात. बारा झाली नाहीत तर एप्रिलपासून रूट बंद.

मी खासगी व्हॅनवाल्यांना फोन लावले. हिद्दचं नाव काढलं की समोरचा 'मफी', म्हणजे नाही, म्हणून मोकळा होई. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर दुसरी एक छोटी शाळा होती, पण तिथे अकरावीला कॉमर्स नव्हतं आणि आमच्या मुलीने तर कॉमर्सच्या वह्यांना कव्हरंसुद्धा कुठल्या रंगाची घालायची ते ठरवून ठेवलं होतं. शिवाय केजीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर वाढलेल्या.

मुलगी आमच्याशी बोलते इंग्रजीत. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे. त्या रात्री जेवताना ताटात बोट फिरवत ती म्हणाली, "अब्बा, आय ॲम नॉट चेंजिंग स्कूल इन इलेवन्थ. डू समथिंग."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. ती रडली असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेलो. तिथल्या बाई केरळच्या, कामाला पक्क्या आणि आवाजाला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे माझ्या हातात नाही, कमिटी ठरवते. कमिटी म्हणजे पालकांनी पालकांतून निवडून दिलेली माणसं. दर तीन वर्षांनी त्यांची निवडणूक होते, आणि ती कशी होते हे बहारीनबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. दोन पॅनल, पोस्टर, हॉटेलात प्रचाराची जेवणं, आयुष्यात कधी 'हॅलो' न केलेल्या माणसांचे शुक्रवारी सकाळी प्रेमाने येणारे फोन. माझे चुलते गावी सरपंच होते. तेही एवढ्या तावातावाने लढले नसतील.

भिंतीवर उमेदवारी अर्जाची नोटीस होती. शेवटची तारीख त्याच दिवशीची. मी विचार केला, कमिटी ठरवते ना, मग आपणच कमिटी होऊ. वीस मिनिटांत फॉर्म भरून मी बाहेर होतो. मी गोदामातला माणूस. फॉर्म दिसला की हात आपोआप पेनाकडे जातो.

घरी आल्यावर मुलीला ही आनंदाची बातमी दिली. तिने कानातले इअरफोन काढले आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "अब्बा," ती म्हणाली, "नॉट धिस समथिंग."

दोन्ही पॅनलना भरपूर उमेदवार होते, त्यामुळे मी अपक्ष. चिन्हं निवडायची वेळ आली तेव्हा पुस्तक, दिवा, शाई-पेन, पृथ्वीचा गोल असली शाळेला शोभणारी चिन्हं पॅनलवाल्यांनी आधीच उचलली होती. उरली होती शिडी आणि छत्री. शिडी घेतली तर लोक म्हणतील वर चढायला आलाय. मी छत्री घेतली. वर्षातून चार-दोन दिवस पाऊस पडणाऱ्या आणि पडला की शाळेला सुट्टी देणाऱ्या देशात मी छत्री घेऊन मत मागायला निघालो.

माझा प्रचारप्रमुख म्हणजे माझा जुना दोस्त, मूळचा वसईचा. झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये मेजवान्यांचं काम बघतो. तिथे लग्नाला पाचशे माणसं आली तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नाही. त्याने हॉटेलातल्या स्टोअरमधून एक भलीमोठी छत्री आणली. निळी-पांढरी, तळ्याकाठी साहेब लोकांच्या डोक्यावर धरतात तसली. म्हणाला, "भाई, तू बोलू नको. तू फक्त ही उघडून उभा राहा. बोलायचं काम मी करतो." पुढे जे घडलं ते बघता त्याचा सल्ला मी ऐकायला हवा होता.

त्याने पद्धतशीर यादी केली. मुहर्रक आणि हिद्दमधले पालक, रोज संध्याकाळी दहा घरं, एका घरात सात मिनिटं. दार उघडलं की सलाम-नमस्कार, चिन्ह दाखवायचं, मत मागायचं, निघायचं. आठवड्यात सत्तर घरं. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं की मी विजयाच्या भाषणाची पहिली दोन वाक्यंही जुळवून ठेवली.

पहिलंच घर निघालं दापोलीकडच्या माणसांचं. आता समोर दापोलीचा माणूस आहे आणि आपण त्याला गाव कुठलं म्हणून विचारायचं नाही, हे कसं शक्य आहे? मी विचारलं. त्याने सांगितलं. मग खाडीच्या अलीकडचे की पलीकडचे ते विचारणं आलं. मग माझ्या मावशीच्या नणंदेचं सासर त्यांच्या गल्लीतलं निघालं. तोपर्यंत आतून सांदणं आली, पाठोपाठ कोंबडीचा रस्सा. दोन तासांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा दोस्ताने जिन्यातच मला थांबवलं.

"मत मागितलंस?"

मी नव्हतं मागितलं. खरं सांगतो, आठवण होती. रस्सा वाढला जात होता तेव्हाही होती. पण ज्याच्या घरी आत्ताच पोटभर जेवलो, त्याच्याकडे लगेच काहीतरी मागायचं? आमच्याकडे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मी दोस्ताला म्हटलं, पुढच्या घरी आधी मागतो, मग बसतो. पुढचं घर श्रीवर्धनचं निघालं. तिथे आधी पाणी आलं, पाण्याबरोबर खजूर आले आणि खजूर तोंडात असताना राजकारण बोलता येत नाही.

आठवड्याचा हिशेब असा: सत्तर घरांपैकी अकरा घरं झाली. मत एकाही घरात मागितलं नाही. वजन दोन किलो वाढलं. छत्री तीन घरांत विसरून परत आणली. लोकांना मी कशाला आलो होतो तेही नीट कळलं नसावं. एका घरातल्या म्हाताऱ्या चाचींचा तर समज झाला की आम्ही मुलीसाठी स्थळ बघायला आलोय. त्यांनी नातवाचा फोटोच पुढे केला.

बायको प्रत्येक घरी बरोबर असायची. ती आल्या आल्या स्वयंपाकघरात जायची ती निघतानाच बाहेर यायची, आणि तेव्हा तिची पर्स थोडी फुगलेली असायची. मला वाटायचं, कुणी सांदणं बांधून दिली असतील. घरी गेल्यावर मी एकदा आशेने पर्सकडे बघितलंही. तिने ती कपाटात ठेवून दिली.

बाहेर बैठकीत आमचं जे बोलणं व्हायचं त्यात रडगाणं मात्र सगळीकडे एकच. हिद्दमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या इमारती झाल्या, नवी कुटुंबं आली, आणि नव्या कुटुंबातले बाप रोज पहाटे मुलांना गाडीत घालून शाळेला सोडायला जातात, पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवतात. मी म्हणायचो, अहो मग आमच्या नऊ नंबरमध्ये का नाही घालत? ते म्हणायचे, हिद्दला बस येते? कुणाला माहीतच नव्हतं. आमचा स्टॉप जुन्या वस्तीतल्या एका भिंतीपाशी, पाटी नाही, काही नाही, ओळखीचा असेल तोच तिथे उभा राहणार. मी मान हलवायचो, हळहळ व्यक्त करायचो आणि आणखी थोडा रस्सा घ्यायचो. एवढं सगळं डोळ्यांसमोर वाढलेलं असताना माझ्या डोक्यात काहीही शिजत नव्हतं. मी मतांचा विचार करत होतो.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये होतं. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवायचं, रांगेत उभं राहायचं. दोन्ही पॅनलचे लोक सारख्या रंगाचे शर्ट घालून हात जोडत होते. मी एकटाच छत्री उघडून उभा होतो, तीही हॉलच्या आत. दोस्त प्रत्येक येणाऱ्याला सांगत होता, बघा, छप्पर गळलं तर हाच माणूस कामाला येईल. मुलगी मैत्रिणीच्या पाठीमागे अशी उभी होती की जणू तिचा जन्मच त्या मैत्रिणीच्या घरी झाला. मध्येच मी बघितलं, बायको रांगेतल्या एका बाईच्या पाठीवर कागद ठेवून दुसऱ्या बाईला काहीतरी लिहायला लावतेय. मला वाटलं, चला, ही शेवटी प्रचाराला लागली.

संध्याकाळी निकाल आला. मला चौतीस मतं. खालून दुसरा. सर्वांत खालचा उमेदवार महिनाभर केरळात सुट्टीवर होता.

आम्ही गाडीने परत निघालो. दोस्त पुढे बसला होता, छत्री त्याच्या मांडीवर आणि तिचं टोक खिडकीबाहेर. आरशात मला मुलीचा चेहरा दिसत होता. आता मात्र मला माझ्या गाढवपणाचं हसू येत नव्हतं. मी हरलो म्हणजे बस गेली, बस गेली म्हणजे कॉमर्स गेलं, आणि हे सगळं का, तर मला रस्सा नाकारता येत नाही म्हणून. मी म्हटलं, "बाळा, माझ्याच्याने नाही झालं."

तेवढ्यात मागून बायकोने पर्स उघडली आणि कागदांची एक जुडी माझ्या खांद्यावरून पुढे केली. सिग्नल लाल होता म्हणून बरं. ट्रान्सपोर्टचे फॉर्म होते. भरलेले, सही केलेले, मुलांचे फोटो चिकटवलेले. नऊ नंबर, हिद्द. चार फॉर्म त्या अकरा घरांतले, स्वयंपाकघरात बसून आयांकडून भरून घेतलेले. पाचवा त्याच दिवशी, मतदानाच्या रांगेत, अनोळखी बाईच्या पाठीवर.

सात आणि पाच किती होतात हे मोजायला मला बराच वेळ लागला. दोस्त आधी मोजून मोकळा झाला आणि त्याने छत्री गाडीतच उघडली.

मी बायकोला विचारलं की हे आधी का नाही सांगितलंस. ती शांतपणे म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही उमेदवारी मागे घेतली असती. मग त्या घरांत मला नेलं कुणी असतं? आणि तुम्हाला मत मागायला लाज वाटते. मला फॉर्म मागायला नाही वाटत."

मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. मुलगी हसत होती, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, आणि मग हात काढून. मीही हसायला लागलो. पूल ओलांडेपर्यंत चौघंही हसत होतो, आणि दोस्त मध्येच श्वास घ्यायला थांबून 'चौतीस' म्हणायचा की पुन्हा सुरू.

रविवारी ट्रान्सपोर्टच्या बाईंनी फॉर्म दोनदा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले. मग शिक्का मारला. महिन्याभराने नव्या कमिटीचं पत्रक निघालं. त्यात पहिल्याच ओळीत होतं की कमिटीच्या अथक प्रयत्नांमुळे नऊ नंबरची बस चालू राहत आहे. मी ते पत्रक बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. निवडून ते आलेत."

एप्रिलात नवं वर्ष सुरू झालं त्याच्या आदल्या संध्याकाळी नव्या आयांचे बायकोला सारखे फोन. स्टॉप नेमका कुठे? कुठली भिंत? पिवळी की पांढरी? बायकोने वैतागून ग्रुपवर एकच मेसेज टाकला: उद्या सकाळी छत्री दिसेल तिथे या.

आणि म्हणून, आकाशात एक ढग नसताना, पहाटे पावणेसहाला मी जुन्या वस्तीतल्या भिंतीपाशी ती निळी-पांढरी छत्री उघडून उभा राहिलो. मुलगी माझ्यापासून तीस पावलं लांब, पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर. शेजारचा बहारीनी म्हातारा नमाजहून परत येत होता. त्याने आधी छत्रीकडे, मग आभाळाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता सलाम करून पुढे गेला. हळूहळू गल्लीच्या तोंडाशी एकेक दप्तर दिसू लागलं. बोटाला धरलेली छोटी छोटी मुलं, छत्रीच्या रोखाने येणारी. केजीतला एक पठ्ठ्या थेट येऊन छत्रीखाली उभा राहिला आणि माझी पँट धरली, जणू शाळेने मला तेवढ्यासाठीच नेमलंय. त्याचं बघून बाकीचेही आत शिरले.

बस आली. छोट्यांना आधी चढवायचं म्हणून ड्रायव्हरने मोठ्यांना थांबवलं, आणि दहा वर्षं जी खिडकी आमच्या मुलीची होती तिच्यात तो केजीतला पठ्ठ्या जाऊन बसला. मुलगी पायरीवरून मागे वळली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. तिने बसमधल्या गर्दीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तेही चक्क मराठीत:

"अब्बा, उद्या पण आणा छत्री. हे सगळे हरवतील."