भरून घेतलेला आवाज

पाच महिने मी कोणावर ओरडले नाही. आमच्या घरात याला चमत्कार म्हणतात. खरं तर तो थायरॉइडच्या ऑपरेशनचा परिणाम होता. गाठ निघाली, टाके सुकले, पण डाव्या स्वरतंतूची नस दुखावली आणि आवाजाच्या जागी नुसती हवा बाहेर यायला लागली. भाजीवाल्याला "अरे, कोथिंबीर ताजी दे" म्हटलं की तोही कानाशी वाकून कुजबुजायचा, "ताजीच आहे, मावशी." मी कुजबुजते म्हणून सगळा मानपाडा माझ्याशी कुजबुजायला लागला. असा संताप व्हायचा! आणि संताप करायलाही आवाज लागतो.

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात मांडवात बसून धवले गाते, एकेका देवाला लग्नाला बोलावते. हे मला आईने शिकवलं. ती बाळकुमला माझ्या भावाकडे राहते. वय ऐंशीच्या पुढे, कान जवळजवळ गेलेले, आणि कानाचं मशीन मात्र दागिन्यासारखं डबीत. रोज सकाळी तिला फोन करायचा माझा नेम. शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल असा माझा आवाज, म्हणून तर तिच्यापर्यंत पोचायचा. ऑपरेशननंतर ती नुसती "बोल गो, बोल गो" म्हणायची आणि फोन भावाच्या हातात द्यायची. भेटायला गेले तर माझे हलते ओठ बघून तोंड फिरवायची. एकदा भावजयीला म्हणाली, "ऑपरेशन झालं, बरी झाली. मंग माझ्याशी का बोलत नाय? रुसलीय ती." भावजयीने खूप समजावलं, पण आईच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. मला फार लागलं ते.

त्यात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भावाने चाचरत विचारलं, "ताई, धवल्यांना दुसरी कोणी बघू का?" मी अशी मान हलवली की त्याने पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याला डॉक्टरबाईंसमोर हजर.

त्यांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर माझाच गळा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या. उजवी लगबगीने मध्ये यायची, डावी ढिम्म. मधल्या फटीतून माझा आवाज पळून जात होता. "डावीत जेल भरू या. ती फुगली की उजवीला भेटेल," त्या म्हणाल्या. गालावरच्या सुरकुत्या भरायला वापरतात, त्याच जातीचं जेल. उरलं तर गालांतही टाका, मी कुजबुजले. कोणाकोणाच्या स्वरतंतूत स्वतःच्या पोटाची चरबीही भरतात, हे ऐकून तर मी पोट पुढे केलं. "आत्ता नको," त्या हसत म्हणाल्या. "तुमची नस अजून जागी होऊ शकते. हे जेल काही महिन्यांत विरघळेल. तोवर कळेलच. नाही झाली जागी, तर टिकाऊ काहीतरी बघू."

काही महिने! लग्न महिन्यावर होतं. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

इंजेक्शनच्या दिवशी मला खुर्चीत बसवून मान बधिर केली आणि बाहेरूनच सुई घातली. मी टक्क जागी.

"ई म्हणा."

"ह्ह्ह."

थोडं जेल. "ई म्हणा."

"हीऽ."

अजून थोडं. आणि खोलीत कोणीतरी जाड, खरखरीत "ईऽऽऽ" केलं. मीच की! सुई बाहेर आली आणि त्याच "ई"वर मी धवल्याचा सूर धरला. नर्स दचकली. डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो, तीन दिवस मौन!" माझ्या नवऱ्याने ते तीन दिवस सणासारखे साजरे केले.

आईला फोन करायला हात शिवशिवत होते, पण मी आवरलं. हा रुसवा मांडवातच काढायचा होता.

मांडव भावाच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये पडला होता. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत, मान खाली घालून. डीजे बंद करायला लावला आणि मी सुरुवात केली. आवाज पूर्वीपेक्षा जाड होता, पण भरदार! एकेक देव घेत मी नुसती धावत सुटले. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या.

तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"थांब! गावदेवी रायली गो. तिला न बोलावता पुढं कुठं चाललीस?"

राहिलीच होती. आनंदाच्या भरात मी गावदेवीलाच विसरले होते. आणि आईचं मशीन घरी, डबीत होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आई माझ्याकडे रोखून बघत होती, माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

"परत घे," ती म्हणाली. "आन् जरा मोठ्यानं."

मोठ्याने गायला डॉक्टरबाईंनी सक्त मनाई केली होती. मी मोठ्याने घेतलं.