आवतण दिलेला दांडा

माझ्या मावसाजींनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय वेळेवर घेतला नाही. मावशी म्हणायची, वेळेवरचं सोडा, उशिरासुद्धा घेतला नाही. तिला पाहायला आले तेव्हा ‘इचार करून सांगतो’ म्हणून उठले आणि मग विचार करायला म्हणून पुन्हा पुन्हा येतच राहिले. शेवटी आजोबांनी एका खेपेला पोह्यांची बशी पुढे करता करता त्यांना लग्नाची तिथीच सांगून टाकली. पोरगं शाळेत घालेपर्यंत बिननावाचं होतं, नाव हेडमास्तरांनी ठेवलं. कपाशीची दोन बियाणी मनात भरली की शेतात एक ओळ याची, एक त्याची. मोताळ्याच्या बाजारात चपला घ्यायला गेले की एका पायात एका तऱ्हेची, दुसऱ्या पायात दुसऱ्या तऱ्हेची घालून बाजारभर फिरून येत, आणि चपलावाला तोवर खुशाल भाकरी खाऊन घेई. पण म्हणून त्यांना कोणी बावळट समजू नये. कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू त्यांना इतक्या लख्ख दिसत की एकीवर अन्याय करणं त्यांच्या जिवावर येई.

अशा माणसानं ट्रक घेतला. लढाई संपली होती, लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव चालले होते, आणि नागपूरच्या सरकारनं अजून वऱ्हाडातल्या रस्त्यांकडे पाहिलं नव्हतं. लिलावात मावसाजींनी हात वर केला तो डास मारायला, असं मावशी शेवटपर्यंत सांगायची. मला ते पटतं. ट्रक मात्र साधा नव्हता. त्याच्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात बाहेरची हवा जबरदस्तीनं कोंबणारा पंखा. मावसाजी त्याला ‘भाता’ म्हणत. भाता फुंकायला लागला की सगळं मोताळा गाव दारात येई. आदल्या साली हाच ट्रक माल भरून राजूरच्या घाटात चढता चढता मधल्या वळणावर बसला, आणि मागे बैलगाड्यांची अशी रांग लागली की गाडेवाल्यांनी रस्त्यातच चुली मांडल्या. मलकापूरच्या कापसाच्या जिनवाल्या शेठनं त्या दिवशी जे पाहिलं ते तो विसरला नाही. त्यानं यंदा स्वच्छ सांगितलं होतं, ‘घाटावरच्या नव्या जिनचं लोखंड स्टेशनावर येनार हाये. घाटात एकदाही न थांबता वर नेलं तं हंगामाचं सगळं काम तुमचं. थांबला तं राम राम.’ आणि काम नसेल तर ट्रक पोसणं मावसाजींना शक्य नव्हतं. जळगावचा एक भंगारवाला येऊन, काठीनं ट्रकच्या पोटावर टकटक करून गेलाही होता. तो गेल्यावर मावसाजींनी ट्रकवरून ओलं फडकं फिरवलं, नको तो हात लागलेल्या पोराला पुसावं तसं.

म्हणून इंजिन उघडलं. मी तेव्हा मोताळ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि मावशीकडेच राहत होतो, त्यामुळे ओसरीवर पोत्यांवर मांडलेलं ते सगळं लोखंड ओलांडून मला शाळेत जावं लागे. खामगावहून एक मिस्त्री बोलावला होता. कामात हुशार, बोलण्यात तिखट. पिस्टन बदलले, रिंगा बदलल्या, भाता साफ झाला, आणि गाडी अडली ती कॅमशाफ्टवर. कॅमशाफ्ट म्हणजे एक लोखंडी दांडा, त्यावर ठिकठिकाणी टेंगळं. दांडा फिरला की टेंगूळ वर येतं आणि इंजिनात हवा येण्याजाण्याचे दरवाजे उघडतं. जुन्या दांड्याचं एक टेंगूळ थोडं झिजलं होतं. मिस्त्रीनं कुठल्याशा डेपोतून त्याच जातीचा, पण उंच टेंगळांचा नवा दांडा आणला होता.

“भाऊ, भाता हवा कोंबते, पन दरवाजा अर्धाच उघडते,” मिस्त्री म्हणाला. “हा घाला. दरवाजा सताड. मंग पाहा कसा पयते.”

मावसाजींनी दोन्ही दांडे मांडीवर घेतले, जुळी पोरं घ्यावी तसे. “पन मिस्त्री, टेंगूळ मोठं म्हनजे दरवाजा उघडा बी जास्त येळ राहीन नं? येनारा दरवाजा उघडाच, जानारा बी उघडाच. मंग भात्याची हवा इकून आली अन् तिकून निंगून गेली तं?”

“जोरात पयवली तं नाई जात.”

“घाटात कोन पयते बे?”

“मंग जुना घाला. झिजलेलं टेंगूळ घाटात मोडलं तं मले नका इचारू.”

हेच तर होतं दुखणं. दोघांचंही खरं होतं. मावसाजींनी घराचा पुढचा दरवाजा आणि मागचा दरवाजा एकदम उघडून पाहिला. वारा आला, माझ्या शाळेतल्या मुलांच्या निबंधाच्या वह्या फडफडत परसात गेल्या. “पाह्यलं?” ते म्हणाले. मग पुढचा अर्धा लोटून पाहिला, मग मागचा. मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, “आहो, एक तं दरवाजे ठेवा नाईतं घर ठेवा.” मला विचारलं, “मास्तर, तुले का वाटते?” मी नवा म्हणालो. ते खूश झाले. थोड्या वेळानं जुन्याची बाजू त्यांनी इतकी चांगली मांडली की मीही जुना म्हणालो. त्यावर ते एकदम खिन्न झाले. मिस्त्री बिडी ओढत पायरीवर बसून राही. तिकडे स्टेशनावर लोखंड येऊन पडलं. शेठचा निरोप आला, ‘पोळ्याची कर झाली की दुसऱ्या सकाळी उचला.’ मावसाजी जेवेनात. ताटावर बसत, भाकरी की पोळी हे ठरवत, आणि तशीच दोन्ही ठेवून उठत.

अशात खांदेमळणीची संध्याकाळ आली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांना जेवायचं आवतण देतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तेवढा एक दिवस माणसाचा हात लागतो, आणि आवतण मिळालेल्या बैलाला दुसऱ्या दिवशी कामाला जुंपत नाहीत, त्याला आधी जेवू घालून मग घरचे जेवतात. मावसाजी गोठ्यात गेले, दोन्ही बैलांचे खांदे चोळले, कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” वाटीत लोणी उरलं होतं. ते घेऊन ओसरीवर आले. दांडे पोत्यावर होते. मावसाजी वाकले, आणि हाताला जे लागलं त्या लोखंडाला, टेंगळाटेंगळाला जपत, हळद-लोणी चोळू लागले. त्यांचं लक्ष होतं असं मला वाटत नाही. जो घरातलं ओझं वाहतो त्याचा खांदा चोळायचा, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. चोळून झालं आणि ते पुटपुटले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मिस्त्रीच्या तोंडातली बिडी खाली पडली. “भाऊ, हा तं जुना हाये. काढाचा नं?”

मावसाजी हाताकडे पाहत राहिले. हात पिवळे, दांडा पिवळा. मग मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“आता का पाहाता? आवतन देलं तुमी. आवतन देऊन उद्या भंगारात धाडता का त्याले?”

“तो लोखंडाचा हाये, वयनी,” मिस्त्री कळवळून म्हणाला.

“अन् आवतन कशाचं होतं?”

मिस्त्रीनं नवा दांडा उचलला, पोत्यात गुंडाळला आणि कोपऱ्यात आपटला. पोळ्याच्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, म्हणून जुना दांडा पाटावर बसला. त्याच्यापुढे पुरणपोळीचं पान वाढलं. मिस्त्री शेजारच्या पानावर मान खाली घालून जेवला आणि दांड्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी, करीला, त्यानं रॉकेलनं हळद धुवून तो दांडा इंजिनात घातला. “माह्यं काम मी केलं,” एवढंच म्हणाला. त्या दिवशी मावसाजी घरातले सगळे दरवाजे बंद करून बसले होते.

दुसऱ्या सकाळी मलकापूर स्टेशनावर लोखंड चढलं. ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे वाकले. गाडी मिस्त्री चालवत होता, मधे मावसाजी, दाराशी मी. माझ्या मांडीवर लाकडी ठोकळा. ट्रक मागे सरायला लागला तर उडी मारून तो चाकामागे घालायचा, हे काम मला दिलं होतं. मागून शेठची मोटार येत होती. मोताळा गेला, राजूर आलं, घाट लागला. मिस्त्रीनं गिअर उतरवला. भाता हुंकारू लागला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला इंजिनाचा आवाज जाड झाला. मावसाजी डोळे मिटून आवाज ऐकत होते. झिजलेलं टेंगूळ कितवं, ते त्यांना पाठ होतं, आणि तेवढ्या ठोक्याला त्यांच्या ओठाचा कोपरा हलायचा.

मधलं वळण आलं. तेच, आदल्या सालचं. आणि वळणाच्या तोंडाशी, आमच्या पुढे, एक बैलगाडा चढत होता. बैलांची शिंगं अजून पोळ्याच्या रंगात होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि रस्ता एका गाडीपुरताच.

“भाऊ, थांबतो,” मिस्त्री म्हणाला. “मास्तर, ठोकळा घ्या.”

“थांबू नको,” मावसाजी म्हणाले.

“मंग बाजूनं घालू? दरी हाये.”

“बाजूनं बी नको. त्याच्या मांगं मांगं चाल. बैलाच्या चालीनं.”

“येवढ्या हळू? इंजन मरते, भाऊ.”

“नाई मरत. चाल.”

एकदासुद्धा ‘पन’ म्हणाले नाहीत. मिस्त्रीनं चाक घट्ट धरलं. ट्रक चालत होता की उभा होता हे मला खालचा खडा हळूच मागे सरकताना पाहून कळायचं. इंजिनाचा एकेक ठोका मोजता येत होता. एक पडला की दुसरा येतो की नाही, याची वाट पाहावी लागे. रेडिएटरमधून वाफ निघू लागली. मागून शेठनं भोंगा वाजवला. गाडेवाल्यानं एकदा वळून पाहिलं, नाकासमोर तो लोखंडाचा डोंगर पाहिला, आणि बैलांना हाकललं नाही, थांबवलंही नाही. शेपटीवर हात ठेवून त्याच एका चालीनं नेत राहिला. ती चाल मोडली असती तर आम्ही संपलो होतो. वळण सरलं. पुढचंही सरलं. माथ्यावर रस्ता रुंद झाला, गाडा डावीकडच्या गाडीवाटेनं वळून झाडीत शिरला, आणि मिस्त्रीनं ट्रक कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खूप वेळ त्याचे हात चाकावरून सुटेनात. मग कोणाकडेही न पाहता तो म्हणाला, “तो नवा दांडा असता तं येवढ्या हळू इंजन...” आणि बिडी शोधायला लागला.

शेठ मोटारीतून उतरला, म्हणाला, “काम तुमचं.” मी मावसाजींना हात दिला. ते उतरेनात. समोर झाडीकडे पाहत होते.

“मास्तर, तो गाडा कोनाचा होता गा?”

आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं हंगाम झाला, आणखीही हंगाम झाले. ट्रक घाट चढत राहिला आणि माथा आला की मावसाजी खिडकीतून त्या गाडीवाटेकडे मान वळवून पाहत. तो माणूस काही भेटला नाही. म्हातारपणी ते घाटात जाईनासे झाले, तेव्हा बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाडेवाल्यांना विचारत, “त्या साली पोळा झाल्यावर घाटात तुमी होते का, बाप्पा?” पहिल्यांदा लोक नाही म्हणत. मग म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा म्हणून कोणी कोणी ‘हाव, बाबा, होतो’ म्हणू लागले. मावसाजी त्यांना बसवून चहा पाजत. आणि चहा होईतो उठून, भिंतीच्या आधारानं, त्यांच्या बैलांपुढे ओंजळभर सरकीची ढेप ठेवून येत.