पंख्याखालची खुर्ची

मंदाताई खोलीत शिरल्या की आधी खुर्च्या हलवायच्या, नमस्कार-चमत्कार मागाहून. आमच्या संस्थेच्या ऑफिसात पंखा एकच, आणि वसईची दुपार म्हणजे बसल्या जागी घामाची आंघोळ. त्यामुळे पंख्याखालची खुर्ची अध्यक्षांची, हे न बोलता ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी अध्यक्षांना उशीर झाला म्हणून ती मी बळकावली. मंदाताईंनी दारातूनच आवाज दिला, "ऊठ रे बाबा. तिथं सगळ्यात लहान असेल त्यानं बसायचं." मी निमूट उठलो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बाकी सगळी मंडळी साठीच्या पुढची. "अगं बाई, लहान तूच की! बस, बस," त्या म्हणाल्या, आणि मग सगळ्यांकडे वळून, "बघा, ही आपली अडचण. पोट सुटलेला माणूस इथं बाळ आहे, आणि आपण निघालोय पोरांचं मन जाणायला."

त्या वसईजवळच्या गिरीजच्या. घरची केळी-नारळाची वाडी, आणि एकतीस वर्षं वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पिशवीत कायम घरच्या सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, डबा. मी मूळचा कराडकडचा, विरारच्या मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन राहणारा, संगणकाच्या नोकरीतला. संस्थेला तरुण मुलांसाठी मानसिक आधाराची ऑनलाइन सोय करायची होती. मुलांनी मोबाइलवरून लिहायचं, समुपदेशकांनी उत्तर द्यायचं. ते सगळं बांधून द्यायचं मी फुकट कबूल केलं होतं, आणि फुकट काम करणाऱ्याला जो माज असतो तो माझ्यात पुरेपूर होता.

मंदाताईंचा हट्ट एकच. "ज्याच्या पायात काटा, त्याला विचारा कुठं टोचतंय. आपण नुसता पाय धरून बसलोय." हे त्या प्रत्येक बैठकीत म्हणायच्या. शेवटी त्यांनीच सहा मुलं-मुली गोळा करून आणली. त्यातली दीक्षा मिठागराच्या कडेच्या गावातली, बारावीत शिकणारी, अंगानं काडी पण तोंडानं तिखट. मंदाताईंनी तिला थेट पंख्याखाली बसवलं. अध्यक्ष कोपऱ्यातल्या स्टुलावर घाम पुसत बसले.

माझ्या पहिल्या पानावर उगवता सूर्य, खाली कमळ आणि त्याखाली सुविचार होता. मग चौदा रकान्यांचा फॉर्म. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दीक्षा म्हणाली, "सर, हा तर शाळेचा फळा वाटतो. आनि रडायला आलेल्या मानसानं एवढं भरायचं? कोन भरनार? वडलांचा धंदा कशाला पायजे?" डोकंच फिरलं माझं. दोन महिने खपलो होतो, आणि ही शेंबडी पोरं मला शिकवणार! मंदाताई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "खा. केळी उन्हात घातली आणि विसरलो, असं करून सुकेळी होत नाहीत. रोज हातानं परतावी लागतात. तुझं आत्ता एकाच बाजूनं वाळलंय." मी रागारागानं दोन सुकेळी खाल्ली. गोड होती.

सूर्य गेला, कमळ गेलं, रकाने चारावर आले. पण एका रकान्यावर आम्ही मोठे अडून बसलो. पालकांचा मोबाइल नंबर. त्यावर ओटीपी जाणार, पालकांनी तो सांगितला तरच मुलाला पुढे जाता येणार. मुलं एका सुरात "नाही" म्हणाली. अध्यक्ष म्हणाले, "उद्या काही बरंवाईट झालं तर आपल्या गळ्याशी येईल." मीही हात वर करून त्यांच्याच बाजूनं बोललो, माझी स्वतःची मुलगी सोळा वर्षांची, मला पालकाचं दुःख ठाऊक! विरोधात मोठ्यांपैकी एकट्या मंदाताई. त्या म्हणाल्या, "बरं. मुलांच्या शाळा-कॉलेजांत महिनाभर चालवून बघा. मग बोलू."

त्या महिन्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या मोबाइलवर आमच्याच सोयीचा ओटीपी आला. मला वाटलं, ही टवाळ पोरं माझा नंबर टाकून मजा करतायत. पाच मिनिटांनी पुन्हा आला. मी वैतागून दोन्ही पुसून टाकले आणि डबा खायला लागलो.

महिना संपल्यावर बैठक झाली. दीक्षानं कागदावरून वाचून दाखवलं की सुरुवात बऱ्याच जणांनी केली, पण बहुतेक सगळे ओटीपीच्या पायरीवरून परत फिरले. मी म्हटलं, "त्यात तुमच्या गमतीजमती किती ते पण सांगा. माझ्या नंबरवर दोनदा ओटीपी पाठवलात तो?"

दीक्षा गोंधळली. "सर, तुमचा नंबर आमच्याकडं नाय. आमी मंदाताईंनाच फोन करतो."

बाकीच्या पाचांनीही माना हलवल्या. मग माझ्या लक्षात आलं. पालक म्हणून माझा नंबर टाकेल असं मूल जगात एकच होतं. माझी ऋचा. तिच्याही कॉलेजात आमची सोय महिनाभर चालू होती. दुपारी घरात एकटी असताना तिनं दोनदा दार वाजवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी ते तिच्या तोंडावर लावलं होतं. 

मंदाताईंनी मला बाहेर गॅलरीत नेलं. मी म्हटलं, "ताई, मी घरी जातो. तिला विचारतो काय झालंय."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "माझ्या वर्गात एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत येऊन तिनं मला पोटातलं सगळं सांगितलं. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. भल्यासाठीच गेले ना! आठवड्यात घरच्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं, मामाकडं धाडली. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बघितलं नसतं." त्यांनी चष्मा पुसला. "तू घरी जा, तिच्याजवळ बस, भाजी निवड. विचारू नकोस, पण तिनं सांगितलंच तर ऐक. आणि ते पान दुरुस्त कर. तेवढं तुझ्या हातात आहे."

मी तसंच केलं. त्या आठवड्यात आमच्याकडे मेथी तीनदा झाली. ऋचा काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

पान कसं दुरुस्त करायचं ते मुलांनीच सांगितलं. पालकाचा रकाना काढायचा आणि त्या जागी विचारायचं, 'तुझा माणूस कोण?' आत्या, शिक्षिका, शेजारची काकू, आई, कुणीही मोठं, पण मुलानं निवडलेलं. जिवाला धोका वाटला तर समुपदेशक त्याच माणसाला फोन करतील, आणि हे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहायचं. एरवी कुणाला काही कळणार नाही. नाव कधीही बदलता येईल. समुपदेशकांनी दोन-तीन शंका काढल्या, मुलांनी त्यांना उत्तरं दिली, त्यांचं समाधान झालं.

अध्यक्षांचं झालं नाही. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते, निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या. आता पुन्हा सगळं बदलायचं म्हणजे नाचक्की. मंदाताईंनी एक पत्रिका उचलून पाहिली. "छपाई सुरेख आहे हो. पण पत्रिका छापल्या म्हणून लग्न लावायचं का? मुलगी नाही म्हणतेय." अध्यक्ष म्हणाले, "मंदाताई, तुम्ही फार ताणताय." त्या म्हणाल्या, "ताणतेच आहे. तुटलं तर मी बांधीन." या वेळी मी त्यांच्या बाजूनं हात वर केला. माझं बघून आणखी दोघांनी केला. पत्रिका रद्दीत गेल्या.

दोन महिन्यांनी, मंडप-बिंडप काही न घालता, एका साध्या बुधवारी आमची सोय सुरू झाली. बटण दीक्षानं दाबलं. त्याच दिवशी मंदाताईंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. आम्ही हादरलो. मी भांडलोच त्यांच्याशी. "आत्ता कुठे जमायला लागलं, आणि तुम्ही निघालात?" त्या हसल्या. "अरे, मी आहे तोवर ही पोरं बोलण्याआधी माझ्या तोंडाकडं बघतात. माझी खुर्ची दीक्षाला द्या. अठरा पूर्ण झालीत तिला, मी विचारून ठेवलंय." सगळं आधीच ठरवून ठेवायची त्यांची ही खोड मला मनापासून आवडायची आणि तितकाच रागही यायचा.

गेल्या महिन्यात ऋचानं मेथी निवडताना आपणहून सांगितलं, "बाबा, मी तिथं लिहिते. आता बरं वाटतं." तिचा माणूस कोण, ते सांगितलं नाही. रविवारी मी गिरीजला गेलो. मंदाताई अंगणात चटईवर केळी परतत होत्या, एकेक, घाई न करता. मी शेजारी बसून परतायला लागलो आणि मनातलं बोलून टाकलं. "ताई, सगळ्या नोंदींची किल्ली माझ्याकडे आहे. तिनं कुणाचं नाव टाकलंय, एका मिनिटात कळेल."

त्यांचा हात थांबला. "बघितलंस?"

"नाही."

"बघणारेस?"

"नाही."

त्या पुन्हा केळी परतायला लागल्या. "मग तुझंच नाव असेल," त्या म्हणाल्या. "आज नसलं तर उद्या."