माउस घरी नेणारे माने अण्णा

माने अण्णा संध्याकाळी ऑफिसातून निघताना आपल्या कॉम्प्युटरचा, पोटातल्या गोळ्यावर चालणारा तेव्हाचा माउस काढून पिशवीत टाकत. वायर गुंडाळायची, वर रबर लावायचं आणि जेवणाच्या डब्याशेजारी ठेवायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात मी नवी होते. मला वाटलं, बिघडलाय म्हणून दुरुस्तीला नेत असतील. पण सकाळी तोच माउस परत आला आणि संध्याकाळी परत गेला. न राहवून विचारलं, तर म्हणाले, "विश्वास तर पानिपतातच गेला की. तवापास्नं ज्याची वस्तू त्यानं सांभाळायची."

२००५च्या आसपासची गोष्ट. वेबसाइट बनवणारे आम्ही पाच जण आणि वर मालक. अण्णा पन्नाशीचे, बाकी सगळे पंचविशीच्या आतबाहेर. अण्णांनी आधी शिरोलीच्या एका फौंड्रीत एकवीस वर्षं टूलरूम सांभाळली होती. ती नोकरी सुटल्यावर त्या वयात त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि वेबसाइटची पानं बनवायला शिकले. काम नेटकं, पण संशय पावलोपावली. कोणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की लगेच विचारत, "काय काम काढलंस?" मी घरून लाडू आणले, तर मी एक खाईपर्यंत त्यांनी आपला हातात धरून ठेवला.

त्या काळी आमच्या सगळ्या फायली एका सर्व्हरवर असत आणि दोघांनी एकाच पानाला हात लावला, की एकाचं काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडलं जाई. यावर अण्णांनी फौंड्रीतला तोडगा आणला. टूलरूममध्ये कामगार आपला पितळी बिल्ला देऊन हत्यार नेतो आणि बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्याला अडकतो. अण्णांनी तसाच फळा भिंतीवर ठोकला. प्रत्येक खिळ्याखाली पानाचं नाव, आणि प्रत्येकाला नंबराचा बिल्ला. ज्याचा बिल्ला खिळ्याला, त्यानेच त्या पानाला हात लावायचा. आम्ही हसलो, पण वर्षभर त्यावर सुरळीत चाललं.

मग चप्पल लाइनमधल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांची कोल्हापुरी चप्पल परदेशात जायची. तिकडच्या कुठल्या नंबराला किती इंची चप्पल, याचा तक्ता वेबसाइटवर होता. जुना तक्ता चुकीचा होता, म्हणून अण्णांनी तो दुरुस्त करून चढवला होता. तरी वेबसाइटवर पुन्हा जुनाच दिसत होता आणि त्याच्या भरवशावर मागवलेल्या चपला गिऱ्हाइकांच्या पायात शिरत नव्हत्या. फळ्यावर त्या पानाच्या खिळ्याला अण्णांचा पाच नंबरचा बिल्ला लटकत होता. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं आणि पुन्हा असं झालं तर घरी बसायचं, असं बजावलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "बिल्ला माझा हुता. हात माझा न्हवता."

खरं सांगते, माझाही विश्वास बसला नाही. वय झालंय, चुकीची फाईल चढवली असेल, असंच मला वाटलं.

त्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्यांनी फौंड्री का सुटली ते पहिल्यांदा सांगितलं. माप तपासायचं एक गेज टूलरूममधून नाहीसं झालं होतं आणि खिळ्याला कोणाचाच बिल्ला नव्हता. नेणाऱ्याने गेज नेलं आणि जाताना आपला बिल्लाही काढून नेला. "चोर कुणी म्हटलं न्हाय," अण्णा म्हणाले. "म्हटलं असतं तर भांडलो तरी असतो. नुसतं बघायचे माझ्याकडं."

पुढच्या आठवड्यात मालकांनी मला व्हर्जन कंट्रोल बसवायला सांगितलं. कोणी, कोणती फाईल, केव्हा बदलली, याची नोंद ठेवणारी आणि जुनी प्रत मागितली की परत देणारी ही व्यवस्था. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ती बसवायला घेतली. तीन दिवस अण्णा खुर्ची ओढून माझ्या पाठीमागे बसून होते. हे मालकांनी आपल्यावर नजर ठेवायला काढलंय, याची त्यांना खात्री होती.

"हे कुणाच्या बाजूचं हाय?"

मी म्हटलं, कोणाच्याच नाही, जे होतं ते लिहून ठेवतं.

"लिवलेलं पुसता येतंय का?"

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. त्या मशीनच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या आणि मनात आणलं तर मला पुसता आलं असतं. पण एवढं समजावत कोण बसणार, म्हणून एका शब्दात संपवलं. अण्णांनी मान डोलावली. त्या दिवसापासून रोज साडेपाचला ते त्या नोंदी शंभरपानी वहीत हाताने उतरवून घेऊ लागले. आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली.

पंधरा दिवसांनी व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला. तक्ता परत जुना झाला होता. मालकांनी काही न विचारता अण्णांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेर नोंद उघडली. त्या पानासमोर आदल्या दिवशीची वेळ होती आणि नाव होतं सुवर्णा. म्हणजे मी.

आदल्या दिवशी वेबसाइटच्या माथ्यावरची पट्टी बदलायला म्हणून मी माझ्याकडचं जुनं फोल्डर सवयीने सगळंच्या सगळं चढवलं होतं. त्यात जुना तक्ता होता. मागच्या खेपेलाही मी हेच केलं असणार. पट्टीच्या खिळ्याला माझा बिल्ला लावून तेच फोल्डर मीच चढवलं होतं. दाराआडून मालकांचा आवाज चढत होता. नोंद पुसायला दोन मिनिटं लागली असती आणि अण्णांचं नाव आधीच खराब होतं. हे माझ्या मनात आलं, हे मी आज लपवत नाही. मग मी त्या नोंदीचा कागद छापला, आत जाऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दोन्ही वेळा मीच केलंय."

मालक मला बोलायचं ते बोलले. बाहेर आल्यावर अण्णांनी शर्टाच्या आतून ती शंभरपानी वही काढली. आदल्या दिवशीच्या पानावर, त्यांच्या गोल अक्षरात, माझं नाव आणि वेळ लिहिलेली होती.

"तुम्हाला माहीत होतं? मग आत दाखवली का नाहीत?"

"दावणारच हुतो. आधी तू पुसतीस का, ते बघत हुतो."

"पण पुसता येत नाही, असं मी सांगितलं होतं ना?"

"तू सांगितलतंस म्हणूनच तर वहीत लिवत हुतो."

मला रडू आलं. अण्णांनी रुमाल पुढे केला, आणि मी डोळे पुसल्यावर आठवणीने परत मागून घेतला.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते ऑफिस सोडल्यावर मी पुण्यात मोठ्या कंपन्यांतून काम केलं, आणि माझ्या कामावर विश्वास आहे असं सांगणारे खूप भेटले. पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. अण्णा डबा पिशवीत टाकून, चपला घालून निघून गेले आणि त्यांचा माउस टेबलावर तसाच राहिला. विसरले असतील म्हणून मी तो उचलला, तर हाताला हलका लागला. उलटा करून पाहिला. आतला गोळा तेवढा ते काढून घेऊन गेले होते.